खुराक चांगला, म्हणून दारू पचते?

नीरा डाव्या कालव्याच्या बागायती पट्ट्यात, माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर अशा कारखान्यांच्या गावांत दारूचा विषय निघाला की एक वाक्य हमखास कानांवर पडते. "दारू वाईट नाही हो डॉक्टर, उपाशीपोटी पिणे वाईट. पोटात चांगले असले की पचून जाते." बोलणाऱ्याच्या घरी दूधदुभते असते, अंडी असतात, आठवड्याला मटण होते. ऊसतोडीला आलेला मजूर शिळ्या भाकरीवर पितो आणि लवकर खंगतो, हे त्याने डोळ्यांनी पाहिलेले असते. तो खंगला तो खायला नव्हते म्हणून, आपल्याला काही होणार नाही, असा हिशेब त्याने मनाशी मांडलेला असतो. घरची मंडळीही त्याच समजुतीने पिण्याआधी उकडलेली अंडी आणि शेंगदाणे पुढे ठेवतात.

ही समजूत अडाणीपणाची आहे असे म्हणून कोणी हसू नये. एके काळी जगातील मोठमोठ्या वैद्यकीय शास्त्रज्ञांचे मत हेच होते. ते मत कसे बदलले, कोणी बदलले आणि त्यातून आपल्या ताटाविषयी आणि ग्लासाविषयी काय शिकायचे, ते या लेखात पाहू.

यकृताचे काम

उजव्या बाजूच्या बरगड्यांखाली सुमारे दीड किलो वजनाचा तांबूस रंगाचा अवयव असतो, तो म्हणजे यकृत. मटणाच्या दुकानात आपण ज्याला कलेजी म्हणतो तोच हा अवयव. आतड्यातून शोषले गेलेले अन्न रक्तावाटे प्रथम यकृतात येते. तेथे साखरेचा साठा होतो, रक्तातील महत्त्वाची प्रथिने तयार होतात, पित्त तयार होते आणि अ, ड, ब-१२ अशा जीवनसत्त्वांची शिल्लक ठेवली जाते. रक्त गोठण्यास लागणारे बहुतेक घटक यकृतच बनवते. शरीरात शिरलेली औषधे आणि विषे निकामी करून बाहेर घालवण्याचे कामही त्याचेच.

प्यालेल्या दारूपैकी ९० टक्क्यांहून अधिक भाग यकृतालाच निस्तरावा लागतो. घाम आणि लघवीवाटे फारच थोडी बाहेर पडते. म्हणूनच "घाम गाळला की उतरते" या म्हणण्याला आधार नाही. साधारण माणसाचे यकृत तासाला ७ ते १० ग्रॅम मद्यार्क जाळू शकते. त्याचा वेग लिंबूपाण्याने वाढत नाही आणि गार पाण्याच्या आंघोळीनेही वाढत नाही.

जुने शास्त्र काय म्हणत होते?

दारुड्यांचे यकृत खराब होते हे डॉक्टरांना फार पूर्वीपासून माहीत होते. वाद होता तो कारणाविषयी. दारू पिणारा माणूस जेवत नाही, त्याची प्रकृती खालावते, त्याला प्रथिने आणि जीवनसत्त्वे मिळत नाहीत. मग यकृत बिघडते ते दारूने की उपासमारीने?

चार्ल्स बेस्ट हे नाव इन्सुलिनच्या शोधामुळे जगाला ठाऊक आहे. बेस्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४९ साली उंदरांवरील प्रयोग प्रसिद्ध केले. त्यांचा निष्कर्ष असा होता की, यकृताच्या पेशींवर दारूचा खास विषारी परिणाम होतो असे मानण्यास साखरेपेक्षा जास्त पुरावा नाही. आहारात कोलिनसारखे आवश्यक घटक पुरेसे असले की यकृत सुरक्षित राहते, असे त्यांना दिसले होते. माणूस मोठा आणि प्रयोग काळजीपूर्वक केलेले, त्यामुळे हे मत पाठ्यपुस्तकांत गेले. "दारुड्याला चांगले खाऊ घाला, यकृत सांभाळले जाईल," असा सल्ला देणारे डॉक्टर त्या काळी पुष्कळ होते. आपल्या गावातील समजूत आणि त्या काळचे शास्त्र यांत फारसा फरक नव्हता.

डॉ. लीबर यांची युक्ती

हे मत ज्यांनी मुळापासून हलवले त्यांचे नाव डॉ. चार्ल्स लीबर. त्यांचा जन्म १९३१ साली बेल्जियममधील अँटवर्प शहरात झाला. वैद्यकीय शिक्षण ब्रुसेल्सला घेऊन ते अमेरिकेत गेले आणि पुढे न्यूयॉर्कमधील ब्राँक्स भागात माजी सैनिकांसाठी असलेल्या सरकारी रुग्णालयात त्यांनी अनेक वर्षे संशोधन केले. २००९ साली त्यांचे निधन झाले.

लीबर यांना जुन्या प्रयोगांत एक उणीव दिसली. उंदराला दारूचा वास आवडत नाही. पाण्यात मिसळून दिली तर तो अगदी नाइलाजाने थोडीशी पितो. इतक्या थोड्या दारूने यकृत बिघडत नाही म्हणून दारू निर्दोष ठरवणे बरोबर नव्हते. सहकारी लिओनोर डीकार्ली यांच्याबरोबर त्यांनी उंदरांसाठी पातळ, दुधासारखे अन्न तयार केले. त्यात प्रथिने, स्निग्ध पदार्थ, क्षार आणि जीवनसत्त्वे सगळी मोजून घातली आणि एकूण उष्मांकांपैकी ३६ टक्के उष्मांक दारूतून येतील अशी योजना केली. खायचे तर हेच, त्यामुळे उंदरांच्या पोटात भरपूर दारू जाऊ लागली. शेजारच्या पिंजऱ्यातील उंदरांना तेवढेच अन्न, तेवढेच उष्मांक, फक्त दारूच्या जागी पिष्टमय पदार्थ.

दोन्ही गटांना जीवनसत्त्वे सारखी आणि एकूण उष्मांकही सारखेच. तरीही दारू मिळालेल्या उंदरांच्या यकृतात चरबी साठली, दुसऱ्यांच्या तशी साठली नाही.

उंदराचे माणसाला लागू पडेलच असे नाही, अशी शंका कोणी घेईल. त्यासाठी १९६० च्या दशकात लीबर, डॉ. इमॅन्युएल रुबिन आणि सहकाऱ्यांनी स्वयंसेवकांवर अभ्यास केला. त्यांना रुग्णालयात ठेवून भरपूर प्रथिनांचा आणि कमी चरबीचा आहार दिला आणि त्याबरोबर मोजून दारू दिली. दोन-तीन आठवड्यांच्या आतच त्यांच्या यकृतात चरबी जमा झाल्याचे दिसून आले. खुराक उत्तम असूनही दारूने आपले काम केले होते.

पुढे १९७४ साली लीबर आणि रुबिन यांनी बबून जातीच्या माकडांवरील निष्कर्ष प्रसिद्ध केले. या माकडांना पौष्टिक पातळ अन्नातून निम्मे उष्मांक दारूचे, असा आहार ९ महिन्यांपासून ४ वर्षांपर्यंत दिला होता. यकृतात चरबी सर्वांच्या साठली, काहींना यकृताचा दाह झाला आणि काहींचे यकृत आकसून कडक झाले. कडक झालेल्या यकृताच्या या अवस्थेला डॉक्टर सिरोसिस म्हणतात.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. पुढे दुसऱ्या काही प्रयोगशाळांत, अधिक समृद्ध आहार दिलेल्या माकडांत सिरोसिसपर्यंतचा बिघाड आढळला नाही. त्यामुळे आहाराला काहीच महत्त्व नाही असे कोणी समजू नये. आजचे मत असे आहे की दारू स्वतःच यकृताला विष आहे आणि कुपोषण त्या विषाची धार वाढवते. उपाशी पिणारा लवकर खंगतो हे खरे, पण पोटभर खाऊन पिणाराही त्याच रस्त्यावर असतो.

दारू यकृतात काय करते?

यकृतात गेल्यावर दारूचे प्रथम ॲसिटाल्डिहाइड नावाच्या पदार्थात रूपांतर होते. हा पदार्थ दारूपेक्षा कितीतरी अधिक विषारी आहे. पेशींतील प्रथिनांना तो चिकटतो, त्यांचे काम बिघडवतो आणि दाह निर्माण करतो. पुढे त्याचे निरुपद्रवी पदार्थात रूपांतर होते, पण रोज रोज दारू येत राहिली तर पेशींना उसंत मिळत नाही.

दुसरे असे की, दारू जाळण्याच्या गडबडीत यकृताचे चरबी जाळण्याचे काम मागे पडते. दारात मळीचा टँकर उभा राहिला म्हणून बाकीचा माल गोदामात तुंबून पडावा, तसे होते. चरबी पेशींत साचत जाते आणि यकृत मोठे, पिवळसर आणि मऊ होते.

तिसरा शोध लीबर आणि डीकार्ली यांनी १९६८ साली मांडला. दारू जाळण्याचा नेहमीचा मार्ग अपुरा पडू लागला की यकृत दुसरा एक मार्ग वाढवते. रोज पिणाऱ्याला "आता पूर्वीइतकी चढत नाही" असे वाटते त्याचे एक कारण हे आहे. मेंदूला झालेली सवय हे दुसरे. लोक याला ताकद समजतात. प्रत्यक्षात या दुसऱ्या मार्गावर काम चालते तेव्हा पेशींना इजा करणारे पदार्थ जास्त तयार होतात. न चढणे हे यकृत मजबूत असल्याचे लक्षण नसून त्याच्यावर बोजा वाढल्याचे लक्षण आहे.

याच मार्गामुळे आणखी एक धोका उद्भवतो. ताप आणि अंगदुखीवर घेतली जाणारी पॅरासिटामॉलची गोळी याच यंत्रणेने अंशतः विषारी पदार्थात बदलते. रोज भरपूर पिणाऱ्याने, विशेषतः जेवण सुटलेले असताना, डोकेदुखीवर मनाने गोळ्यांमागून गोळ्या घेतल्या तर यकृत एकाएकी निकामी होऊ शकते. अशा माणसाने किती गोळ्या घ्यायच्या हे डॉक्टरांना पिण्याची सवय सांगूनच ठरवावे.

क्वार्टर आणि भाकरी

आता थोडा हिशेब करू. बाटलीवर ४२.८ टक्के असे लिहिलेले असते. म्हणजे १८० मिलिलिटरच्या क्वार्टरमध्ये सुमारे ७७ मिलिलिटर, वजनाने सुमारे ६० ग्रॅम शुद्ध मद्यार्क असतो. तो जाळायला यकृताला ६ ते ९ तास लागतात. रात्री दहाला संपवलेली क्वार्टर पहाटेपर्यंत, कधी सकाळी मोटारसायकलला किक मारतानाही शरीरात असते. ६५० मिलिलिटरच्या ८ टक्क्यांच्या बिअरमध्ये सुमारे ४० ग्रॅम मद्यार्क येतो. "मी फक्त बिअर घेतो" म्हणणाऱ्याने हा आकडा ध्यानात ठेवावा.

एक ग्रॅम मद्यार्कातून ७ उष्मांक मिळतात. म्हणजे क्वार्टरमधून सव्वाचारशेच्या आसपास उष्मांक झाले. १०० ग्रॅम ज्वारीच्या पिठाच्या भाकरीतून साधारण ३५० उष्मांक मिळतात. कागदावर क्वार्टर भाकरीपेक्षा वरचढ दिसते. पण भाकरीत सुमारे १० ग्रॅम प्रथिने असतात, लोह असते, ब जीवनसत्त्वे असतात, चोथा असतो. क्वार्टरमध्ये यांतील काहीही नसते. शिवाय दारूचे उष्मांक शरीर पुरते वापरूही शकत नाही. लीबर यांच्याच गटाने १९७२ साली दाखवले की, नेहमीच्या आहारातील निम्मे उष्मांक काढून तेवढेच दारूतून दिले, तर माणसाचे वजन घटते.

दारू जेवणाची जागा घेते, आणि जे जेवले जाते तेही अंगी लागू देत नाही. जठर आणि आतड्याच्या अस्तराला सूज येते, स्वादुपिंड बिघडते, फॉलिक ॲसिड आणि ब-१ जीवनसत्त्व नीट शोषले जात नाही, जस्त आणि मॅग्नेशियम लघवीवाटे जास्त निघून जाते. ब-१ फार कमी झाले तर डोळ्यांची हालचाल बिघडते, तोल जातो, माणूस बरळू लागतो. वेळेवर इंजेक्शन मिळाले नाही तर स्मरणशक्ती कायमची जाऊ शकते.

अ जीवनसत्त्वाची गोष्ट वेगळी आहे. लीबर आणि त्यांच्या पत्नी डॉ. मारिया लिओ यांनी १९८२ साली दाखवले की दारूने बिघडलेल्या यकृतात अ जीवनसत्त्वाचा साठा फार घटलेला असतो. मग गोळ्या घेऊन भरून काढावा असे कोणालाही वाटेल. पण दारू पिणाऱ्याच्या यकृताला अ जीवनसत्त्वाचा जादा डोस हाच दुसरा मार बसतो, हेही त्यांनीच दाखवले. तेव्हा दुकानातून "लिव्हर टॉनिक" आणि ताकदीच्या गोळ्या आणून दारूची भरपाई करता येत नाही.

स्त्रियांविषयी १९९० साली इटली आणि अमेरिकेतील संशोधकांबरोबर लीबर यांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. दारूचा काही भाग जठरातच जिरवणारे विकर स्त्रियांमध्ये कमी क्रियाशील असल्याचे त्यात आढळले. त्यांच्या शरीरात पाण्याचे प्रमाणही कमी असते. त्यामुळे तेवढीच दारू स्त्रीच्या रक्तात जास्त प्रमाणात पोचते आणि यकृत कमी वर्षांत बिघडते. ऊसतोडीच्या कोप्यांवर किंवा बांधकामावर थकवा जावा म्हणून नवऱ्याबरोबर घोटभर घेणाऱ्या बाईच्या दृष्टीने ही बाब गंभीर आहे.

तीन पायऱ्या

पहिली पायरी चरबीची. रोज क्वार्टर किंवा त्याहून जास्त पिणाऱ्या बहुतेकांच्या यकृतात ती साठलेली असते. दुखत काही नाही, फार तर उजव्या कुशीत जड वाटते. या टप्प्यावर दारू पूर्ण बंद केली तर बहुधा महिना-दीड महिन्यात यकृत पूर्ववत होते. दारू, मधुमेह आणि सुटलेले पोट असे तिन्ही एकत्र असले तर धोका वाढतो, हेही लक्षात असावे.

दुसरी पायरी दाहाची. अन्नावरची वासना जाते, सकाळी मळमळते, ताप येतो, डोळे पिवळे होतात. या अवस्थेतील तीव्र आजार जिवावर बेतू शकतो.

तिसरी पायरी सिरोसिसची. वर्षानुवर्षे भरपूर पिणाऱ्या १०० माणसांपैकी साधारण १० ते २० जण येथवर पोचतात. "आमचे आजोबा रोज प्यायचे, नव्वदीत गेले" असे म्हणणारे उरलेल्या ८० कडे बोट दाखवत असतात. आपण कोणत्या गटात आहोत हे आधी सांगणारी तपासणी उपलब्ध नाही. सिरोसिसमध्ये हातपाय काडीसारखे आणि पोट नगाऱ्यासारखे होते, तळवे लाल दिसतात, पायांना सूज येते. रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी शौचास होणे, दिवसा झोप आणि रात्री जाग, हात थरथरणे, असंबद्ध बोलणे, यांपैकी काहीही दिसले तर त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात न्यावे.

रक्ताच्या तपासण्या आणि सोनोग्राफी उपयोगी आहेत. पण रिपोर्ट "नॉर्मल" आला म्हणजे पिण्याचा परवाना मिळाला असे समजू नये. यकृताला सोसण्याची शक्ती मोठी असते, त्यामुळे बरेच नुकसान होईपर्यंत ते बोलत नाही.

पुण्यात सापडलेले दुसरे विष

यकृताच्या दुखण्यात "काय कमी पडले" याच्या आधी "कोणते विष जाते आहे" हे विचारावे, याचे एक मोठे उदाहरण आपल्या जिल्ह्यातच आहे. पूर्वी आपल्याकडे सहा महिन्यांपासून चार-पाच वर्षांपर्यंतच्या बालकांना यकृताचा एक भयंकर आजार होत असे. पोट फुगे, यकृत दगडासारखे लागे आणि बहुतेक मुले दगावत. दारूचा थेंबही न शिवलेल्या या बाळांच्या यकृताचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला की दारुड्याच्या यकृतात दिसणाऱ्या खुणांसारख्या खुणा दिसत. कोणी आनुवंशिकतेला दोष दिला, कोणी विषाणूला, कोणी बुरशीच्या विषाला.

पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. आनंद पंडित, डॉ. शीला भावे आणि ब्रिटनमधील डॉ. स्टुअर्ट टॅनर यांनी या मुलांच्या दुधाचा माग काढला. १९८३ साली त्यांनी लिहिले की, आजारी मुलांना अगदी लहानपणापासून वरचे दूध दिले जात होते आणि ते तांब्या-पितळेच्या भांड्यांत तापवून ठेवलेले होते. दुधात उतरलेले तांबे बाळाच्या यकृतात साठत होते. वेळेवर आलेल्या काही मुलांना तांबे बाहेर काढणाऱ्या औषधाने वाचवताही आले. पुढे घराघरांत स्टीलची भांडी आली, मातांना ही माहिती मिळाली आणि हा आजार विरळ झाला.

दूध पौष्टिकच होते. त्या पौष्टिक दुधाने बाळाला तांब्यापासून वाचवले नाही. विष थांबले तेव्हाच आजार हटला. अंडी-मटणावर पिणाऱ्या माणसाचेही हेच आहे.

मग खुराक केव्हा कामाला येतो?

दारू बंद झाल्यावर. तेथून पुढे अन्न हे औषधाच्या तोडीचे आहे, आणि नेमक्या याच वेळी आपल्याकडे रुग्णाला उपाशी ठेवले जाते. कावीळ म्हटली की तेल बंद, तूप बंद, डाळ बंद, हळदीचे पिवळे बंद. उरतो तो उसाचा रस आणि मऊ भात. कोणी कावीळ उतरवून देतो, चुन्याने हात धुऊन पाणी पिवळे करून दाखवतो. त्या पिवळ्या पाण्याचा यकृताशी काही संबंध नसतो. उसाच्या रसात साखर आहे, प्रथिने जवळजवळ नाहीत. शिवाय उघड्यावरच्या गुऱ्हाळातील दूषित पाणी आणि बर्फातून काविळीचे विषाणू पोटात जाण्याची भीती असते. आधीच दारूने बिघडलेल्या यकृताला ते फार महागात पडते.

सिरोसिसच्या रुग्णाला दर किलो वजनामागे दिवसाला १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिने लागतात, असे आजचे वैद्यकीय मार्गदर्शन आहे. ६० किलोच्या माणसाला ७२ ते ९० ग्रॅम. अर्धा लिटर दूध, दोन अंडी, दोन वेळा घट्ट वरण किंवा उसळ, मूठभर शेंगदाणे किंवा फुटाणे, थोडे पनीर आणि चार-पाच भाकरी-पोळ्या, एवढ्यात ते बसते. हे महागडे अन्न नाही. महिन्याभराच्या क्वार्टरच्या पैशात ते सहज येते.

अशा रुग्णाने फार वेळ उपाशी राहू नये. सिरोसिस झालेल्याला एका रात्रीचा उपवास निरोगी माणसाच्या दोन-तीन दिवसांच्या उपवासाइतका बाधतो, कारण साखरेचा साठा नसल्याने शरीर स्नायू मोडून खाते. दर तीन-चार तासांनी थोडे खावे आणि झोपण्यापूर्वी दूध-भाकरी किंवा दूध-पोहे घ्यावेत. एकादशी-चतुर्थीचे कडक उपवास देवाला हात जोडून सोडून द्यावेत. पोटात पाणी झाले असेल तर मीठ कमी करावे. लोणचे, पापड, खारे शेंगदाणे आणि फरसाण बंद. रुग्ण बरळत असेल तर आहार आणि औषध डॉक्टरांच्या सल्ल्यानेच द्यावे.

सोडताना काय काळजी घ्यावी?

रोज भरपूर पिणाऱ्याने घरात कोंडून घेऊन एकदम सोडू नये. दोन-तीन दिवसांत घाम, थरकाप, भास, प्रसंगी झटके येऊ शकतात आणि त्यात जीवही जाऊ शकतो. डॉक्टरांच्या देखरेखीखाली, ब-१ ची इंजेक्शने आणि योग्य औषधे घेऊन सोडावी. न सांगता जेवणातून औषध घालण्याच्या भानगडीत घरच्यांनी पडू नये. अशा काही औषधांवर दारू पोटात गेली तर रक्तदाब कोसळतो.

पुण्यात डॉ. अनिता अवचट आणि डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ साली मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. तेथे आणि अशा इतर केंद्रांत शरीराबरोबर मनाचेही उपचार होतात, घरच्यांनाही समजावून सांगितले जाते. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या सभांत तर न पिणारे झालेले पूर्वीचे पिणारेच एकमेकांना धीर देतात. पुन्हा पाय घसरला तर लाजून घरी बसण्यापेक्षा पुन्हा जावे.

"आता सिरोसिस झालाच आहे, सोडून काय उपयोग?" असे विचारणारे असतात. अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या डॉक्टरांनी १९६८ साली अशा रुग्णांची पाहणी प्रसिद्ध केली. दारू सोडलेल्या १०० पैकी साठहून अधिक रुग्ण पाच वर्षांनंतर जिवंत होते, न सोडलेल्यांपैकी चाळीसच्या आसपास. तेव्हा आजच्यासारखी औषधे नव्हती. यकृताइतका पुन्हा उभारी धरणारा अवयव शरीरात दुसरा क्वचितच असेल. त्याला उसंत मात्र मिळायला हवी.

किती प्यायली तर चालेल, हा प्रश्न नेहमी येतो. मद्यार्काचा समावेश कर्करोगास कारणीभूत होणाऱ्या पदार्थांत १९८८ सालीच झाला आहे. पूर्ण सुरक्षित असे प्रमाण सांगता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली स्पष्ट केले. कमी पिणाऱ्याचा धोका कमी, न पिणाऱ्याचा सर्वांत कमी. ज्याच्या यकृतात बिघाड दिसला आहे त्याच्यासाठी मात्र उत्तर एकच आहे, एक थेंबही नाही.

आपल्या भागात उसाच्या मळीपासून मद्यार्क निघतो. तो औषधांच्या कारखान्यांत लागतो, पेट्रोलमध्ये मिसळला जातो. त्याची जागा तेथे आहे. पिण्याआधी समोर ठेवलेली दोन अंडी त्याच्या विषाला उतारा ठरत नाहीत. तीच दोन अंडी, दारू सोडलेल्या माणसाच्या ताटात रोज सकाळी वाढली, तर त्याचे यकृत सावरायला मोलाची मदत करतील.